पाणी खाली गेलंय

आमच्या वर्गात हजेरीला कोणी 'हजर म्याडम' म्हणत नाही.
हा नियम मी केलेला नाही.
मागच्या वर्षी फेब्रुवारीत
अल्फियाचं नाव पुकारलं तर ती म्हणाली, 'टँकर!'
आणि हसली, पुढचे दोन दात नसलेलं.
मग गंगासागर म्हणाली, 'अर्धी घागर.'
भागवत म्हणाला, 'सांडलं.'
त्याची शेळी आदल्या दिवशी विकली होती,
हे मला दुपारी कळलं.

तेव्हापासून असंच.
सेनगावकडच्या या दोन खोल्यांत
चौतीस पोरं, एक नळ, तोही शोभेचा.
रोज साडेदहाला मला सांगतात, आत किती आहे.
गढूळ. निवळलंय. गुळण्या करण्यापुरतं.
'डुचमळतंय' म्हणेल त्याला मी खिडकीपाशी बसवते,
त्या दिवशी पाढे विचारत नाही.

केंद्रावरून फॉर्म आला:
विद्यार्थ्याची भावनिक स्थिती,
समाधानकारक / असमाधानकारक,
लागू नसेल ते खोडा.
पेन घेतलं आणि तिसऱ्याच नावावर अडकले.
समाधान गिरी.

समाधान दिवाळीपासून बोलत नाही.
त्याची आई गेली.
म्हणजे वारली नाही, गेली;
पण आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो
आणि तो सात वर्षांचा आहे.
चुलतीला विचारलं तर म्हणाली, 'खातोय की दोन टाईम.'
वर्गात तो दप्तर मांडीवरून खाली ठेवत नाही,
फाट्यावर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

मी गोष्टी सांगून पाहिल्या. मातीचे बैल करायला दिले.
प्रशिक्षणात मिळालेले हसऱ्या-रडक्या तोंडांचे कागद
त्याच्यापुढे धरले.
त्यानं नीट घड्या घालून ते परत केले.

एकदा थकून भर वर्गात तोंडून गेलं,
'हा हापसा बंद पडलाय बहुतेक.'
बोलले आणि जीभ चावली.

गंगासागर उभी राहिली.
ती पहाटे हापशावर असते, तळहाताला घट्टे आहेत तिच्या.
'बंद नाही म्याडम. पाणी खाली गेलंय.
साठ-सत्तर हापसे मोकळे मारावे लागतेत.
मधात सोडलं की परत पहिल्यापासून.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळी लावली,
मला न विचारता.
खिचडीच्या सुट्टीत एकेक जण त्याच्याशेजारी बसायचा,
आपल्यातले वाटाणे त्याच्या ताटलीत टाकायचा,
काहीबाही सांगायचा,
उत्तराची वाट न बघता उठून हात धुवायला जायचा.
भागवतनं शेळीचं सांगितलं, सगळं,
व्यापाऱ्यानं तिचं तोंड फाकवून दात कसे मोजले तेही.
मला हे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं.

फळ्याच्या कोपऱ्यात खडूच्या रेघा वाढत गेल्या.
चाळीस. एकावन्न.
रविवारी त्याच्या घरी कोणी जायचं यावरून मारामारी झाली,
अल्फियाचं कोपर सोललं.
मी रेघा पुसल्या नाहीत,
गणितं खालच्या अंगाला लिहू लागले.

काल. मार्चचं ऊन उंबऱ्यावर.
'समाधान गिरी.'
सवयीनं मी पुढच्या नावाकडे गेलेसुद्धा होते.
'गार हाय.'

फरशीबद्दल म्हणाला,
की सत्तराव्या हापशाला येतं
त्या पहिल्या गंजक्या पाण्याबद्दल,
मी विचारलं नाही.
टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत.
गंगासागरनं एकदा मागे वळून पाहिलं,
भागवतनं आपली बसकर पट्टी थोडी त्याच्याकडे सरकवली.

दप्तर अजून मांडीवरच आहे.
फॉर्म अजून टेबलाच्या खणात.
केंद्रप्रमुखांचा आज परत फोन,
भरला का म्हणून.

भरतोय साहेब, म्हणाले.
धार बारीक आहे.